कामापूर्वींचीं पांच मिनिटें

आज मला जी गोष्ट सांगावयाची आहे ती अवघ्या पांच मिनिटांची आहे. कारखान्यांत, इमारतीच्या बांधकामावर, रेल्वेच्या रुळांवर अथवा बंदरांत दिवसाचें काम सुरू होण्यापूर्वीं एकेका टोळींतील आठदहा माणसें एकत्र उभीं राहतात, आजच्या कामांत धोका कोठें आहे याविषयीं चार शब्द बोलतात आणि कामास लागतात. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत या प्रघातास ‘टूलबॉक्स टॉक’ असें नांव पडलें. हत्यारांच्या पेटीभोंवतीं उभें राहून केलेलें बोलणें, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडील कारखान्यांतही हेंच नांव रूढ झालें आहे. मी मात्र आज त्यास ‘पेटीपुढचें बोलणें’ म्हणणार आहें.

हा विषय घरोघरच्या श्रोत्यांपुढें कशास मांडावयाचा, असा प्रश्न कोणाच्या मनांत येईल. परंतु आपल्यांपैकीं कोणाचा मुलगा इंजिनीयर असेल, कोणाची मुलगी कारखान्यांत अधिकारी असेल. आणि ज्यांचें कारखान्याचें तोंडही कधीं पाहणें झालें नाहीं, त्यांच्याही खिडकीबाहेर केव्हां तरी रंगाऱ्यांची परांची उभी राहतेच. त्या परांचीवर चढणाऱ्या माणसाचा आणि आपला संबंध किती, याचा विचार शेवटीं करूं. आधीं माझ्या नोकरींतील एक घटना सांगतों. तिला आतां चाळीसांहून अधिक वर्षें झालीं. तथापि ती मी विसरूं शकलों नाहीं, आणि विसरूं नये अशीच ती आहे.

मी त्या वेळीं पुण्याजवळच्या एका कारखान्यांत तरुण इंजिनीयर होतों. आमच्याकडे लोखंडी पत्र्याचे तुकडे कापणारे व वांकविणारे यांत्रिक प्रेस होते. या यंत्राचें एक जड चाक सतत फिरत असतें. कामगारानें पायटा दाबला कीं एक चावी अडकते, चाकाची गति दांड्यास मिळते, वरचा साचा खालीं येऊन पत्रा कापतो, पुन्हां वर जातो आणि थांबतो. पायटा एकदां दाबला तर साचा एकदांच खालीं आला पाहिजे. पण चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली, तर साचा वर जाऊन थांबत नाहीं. कोणी न सांगतां तो दुसऱ्यांदा खालीं येतो. पहिल्या घावानंतर कामगाराचा हात कापलेला तुकडा उचलण्यासाठीं नेमका त्याच जागीं गेलेला असतो.

एके दिवशीं सकाळच्या पाळींत आमच्या एका प्रेसवर असेंच झालें. वय वर्षें चोवीस, उजव्या हाताचीं दोन बोटें गेलीं. मी चौकशीस बसलों. यंत्राची वही पाहिली, चावी काढून पाहिली, ती झिजलेलीच होती. मग रात्रपाळीस त्याच प्रेसवर असणाऱ्या कामगारास बोलाविलें. तो दाराशीं उभा राहिला आणि मीं कांहीं विचारण्यापूर्वींच म्हणाला, “साहेब, रात्रीं तो दोनदां तसा खालीं आला होता. मी हात जपून चालवला.”

“मग सकाळच्या माणसास सांगितलें नाहींस?”

“तो आंत येत होता, मी बाहेर पडत होतों. बस उभी होती. आणि साहेब, कोणी विचारलेंही नाहीं.”

श्रोते हो, या शेवटच्या वाक्यावर मी पुष्कळ दिवस विचार केला. त्या माणसाला दोष देणें सोपें होतें, आणि माझ्या वरिष्ठांनीं तो दिलाही. परंतु त्यानें सांगावयाचें तें कोणाला, कोठें, केव्हां? पाळी बदलण्याच्या वेळीं दोन माणसांनीं समोरासमोर उभें राहावें अशी जागा आम्हीं ठेवलीच नव्हती. दोन बोटें वांचविण्यास पुरेसें ज्ञान कारखान्यांत त्या रात्रीं हजर होतें. तें एका माणसाच्या डोक्यांत होतें, आणि ज्याच्या हातास त्याची गरज होती त्याच्यापर्यंत जाण्याचा रस्ता नव्हता. ती जागा ठेवणें हें काम माझें होतें.

पुढें कांहीं वर्षांनीं उत्तर समुद्रांतील पायपर अल्फाची हकीकत वाचली तेव्हां मला आमचा प्रेस आठवला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, समुद्रांत लोखंडी खांबांवर उभा केलेला हा तेल व वायु काढण्याचा अवाढव्य मंच. तेथें वायूंतून निघणारें द्रव इंधन पुढें ढकलण्यासाठीं दोन पंप होते. ६ जुलै १९८८ रोजीं दिवसपाळीच्या माणसांनीं त्यांपैकीं एका पंपाची सुरक्षा-झडप तपासणीसाठीं काढली आणि त्या जागीं एक लोखंडी चकती बसविली. काम संध्याकाळपर्यंत पुरें झालें नाहीं. झडप काढल्याचा कागद लिहिलेला होता, पण रात्रपाळीच्या माणसांस ही गोष्ट कळली नाहीं. रात्रीं दहाच्या सुमारास दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीनें, पहिला पंप धड आहे अशा समजुतीनें, तो सुरू करावयास घेतला. चकतीच्या जागेंतून इंधन बाहेर फुटलें, स्फोट झाला, आग भडकली, आणि १६७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल १९९० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत दोष अनेक दाखविले आहेत, एकशेंसहा शिफारशी आहेत. पण मुळाशीं जें आढळलें तें हेंच कीं, दिवसपाळीस जें ठाऊक होतें तें रात्रपाळीस कोणी सांगितलें नाहीं. आमच्याकडे दोन बोटें गेलीं, तेथें १६७ जीव गेले. चूक एकाच जातीची.

आतां माझ्या मूर्खपणाची गोष्ट. प्रेसवरील अपघातानंतर मीं काय केलें असेल? व्याख्यानें सुरू केलीं! महिन्यांतून एकदां, दुपारच्या पाळीपूर्वीं, कँटीनमध्यें एक तास. पडद्यावर चित्रें दाखवीत असें, आंकडे सांगत असें. अमेरिकेंतील हाइनरिख यांनीं १९३१ सालीं एक प्रमाण मांडलें होतें: एका गंभीर अपघातामागें एकोणतीस किरकोळ अपघात आणि तीनशें बिनइजेचे प्रसंग असतात. तें मी मोठ्या भक्तिभावानें फळ्यावर लिहीत असें. पुढें त्या आंकड्यांच्या मूळ आधाराविषयीं अभ्यासकांनीं बऱ्याच शंका काढल्या, आणि मलाही आज ते जसेच्या तसे खरे वाटत नाहींत. कामगारांना मात्र तेव्हांही त्यांचें सोयरसुतक नव्हतें. मागच्या दोन रांगा झोपलेल्या असत. पुढच्या रांगा जाग्या असत, त्या चहा केव्हां येतो हें पाहण्यासाठीं. तासभरांत दोनशें माणसांपैकीं बोलणारा मी एकटाच होतों. आणि त्या दोनशें माणसांत सर्वांत कमी वेळ यंत्रावर हात ठेवणाराही मीच होतों.

माझे डोळे उघडले ते आमच्या दुरुस्तीखात्याच्या एका वृद्ध मुकादमामुळें. सारेजण त्यांना मामा म्हणत. एके सकाळीं मी त्यांच्या शेडवरून जात असतां पाहिलें, हत्यारांच्या पेटीवर चहाचे पेले ठेवून मामा आणि त्यांचे सहा गडी उभे होते. मी खांबाआड थांबलों. मामा म्हणाले, “आज वरची क्रेन उतरवायची. बोला, कोणाच्या पोटांत गोळा येतोय?” थोडे हंसले. मग मामांनीं सर्वांत लहान पोराकडे बोट केलें. “तूं आधीं बोल.” तो पोरगा हेल्पर म्हणून येऊन महिनाही झाला नसेल. तो चाचरत म्हणाला, “मामा, त्या साखळीची एक कडी लांबट झालीय असं वाटतं.” कोणी तरी म्हणालें, “तुला काय कळतं रे!” मामांनीं त्यास हातानें थांबविलें, साखळी जमिनीवर पसरविली, आणि सारे उकिडवे बसून कडीन् कडी पाहूं लागले. कडी खरोखरच ताणलेली होती. मामांनीं ती साखळी बाजूस टाकली, दुसरी मागविली. या सगळ्यास मोजून सहासात मिनिटें लागलीं असतील.

नंतर मीं मामांना विचारलें, लहान पोरास प्रथम कां विचारलेंत? ते म्हणाले, “साहेब, मी आधीं बोललों तर बाकीचे माझंच बोलणं पुन्हां म्हणतात. आणि जुन्यांना धोका दिसायचा थांबलेला असतो. नव्याला अजून दिसतो.” माझ्या बारा व्याख्यानांत एवढें शहाणपण नव्हतें.

त्यानंतर आम्हीं प्रत्येक खात्यांत पेटीपुढचें बोलणें सुरू केलें. पहिल्या महिन्यांत अपघात कमी झाले असें मी सांगणार नाहीं. पहिल्या महिन्यांत वाढल्या त्या तक्रारी. जिन्याची पायरी सैल आहे, सहाणेच्या चाकावरचें झांकण लागत नाहीं, तेल सांडतें तेथें दिवा नाहीं. आमच्या व्यवस्थापकांनीं मला बोलावून सांगितलें कीं, तुम्ही येण्यापूर्वीं या कारखान्यांत इतके धोके नव्हते! ते थट्टेनें म्हणाले नव्हते. अनेक ठिकाणीं हा उपक्रम याच पायरीवर मरतो. धोके आधींही होतेच; ते आतां वर येऊं लागले, एवढाच फरक, हें वरिष्ठांस पटविणें कामगारांस बोलतें करण्याहून अवघड जातें. आणि काल सांगितलेल्या सैल पायरीचें काय झालें, हें आज जर कोणी सांगितलें नाहीं, तर उद्यां कोणी तोंड उघडीत नाहीं. दुरुस्ती होणें शक्य नसेल तर तसें सांगावें, कारण सांगावें; पण मौन धरूं नये.

दुसरा रोग वेगळा आणि अधिक चिवट. चारपांच महिन्यांनीं मी एका खात्यांत गेलों तेव्हां मुकादम वहींतून वाचून दाखवीत होते: “हेल्मेट घाला, बूट घाला, सांभाळून राहा.” गडी मान डोलावीत होते, एकामागून एक सही करीत होते. मीं वही चाळली. आदल्या मंगळवारच्या पानावर एका कामगाराची सही होती, आणि तो कामगार त्या मंगळवारीं बहिणीच्या लग्नासाठीं गांवीं गेलेला होता! मुकादम लबाड नव्हते. आम्हीं त्यांच्याकडे सह्या मागितल्या, त्यांनीं सह्या दिल्या. बोलणें मागितलें असतें तर बोलणें मिळालें असतें. मला वहीचा तिटकारा नाहीं. कायद्यास कागद लागतो. परंतु जेथें कागद हाच हेतु होतो तेथें सुरक्षितता सत्यनारायणाच्या पोथीसारखी होते. वाचणारा वाचतो, ऐकणारे प्रसादाची वाट पाहतात.

आपल्याकडे ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. १९६६ सालीं त्याच तारखेस राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली. त्या आठवड्यांत फलक लागतात, शपथा होतात, चित्रस्पर्धा होतात. त्यांत वाईट कांहींच नाहीं. माझी चिंता उरलेल्या एकावन्न आठवड्यांची आहे.

जपानी लोकांनीं या बाबतींत केलेला विचार मला फार मोलाचा वाटतो. तेथील एका मोठ्या पोलाद कंपनींत १९७४ सालीं ‘किकेन योची’ या नांवाची पद्धति निघाली. धोका आधीं ओळखणें, असा त्या शब्दांचा अर्थ. टोळीपुढें कामाचें एक साधें चित्र ठेवतात, उदाहरणार्थ शिडीवर चढून खिडकी रंगविणारा मनुष्य. मग विचारतात, येथें कोणता धोका दडलेला आहे? जो तो सांगतो. शिडीचा पाय ओल्या फरशीवर आहे. डबा एका हातांत असल्यामुळें धरावयास हात नाहीं. खिडकी आंतून कोणी उघडील. त्यांतून मोठा धोका कोणता, तो निवडतात. त्यावर काय करतां येईल, तें बोलतात. आणि शेवटीं आज आपण हें एक करूं, असें ठरवून त्या वस्तूकडे बोट दाखवून सारे मोठ्यानें म्हणतात. बोट दाखवून म्हणण्याची ही चाल जपानी रेल्वेंत पूर्वींपासूनच आहे. इंजिनचालक सिग्नलकडे बोट करून त्याचा रंग मोठ्यानें उच्चारतो. परक्या प्रवाशास तें पाहून हंसूं येतें. परंतु १९९४ सालीं तेथील रेल्वे संशोधन संस्थेनें एक साधा प्रयोग केला; नुसतें काम करणाऱ्यांच्या शंभर कृतींमागें २.३८ चुका झाल्या, आणि बोट दाखवून उच्चार करणाऱ्यांच्या ०.३८. डोळा, हात, जीभ आणि कान एकाच गोष्टीवर आणले म्हणजे मन भटकत नाहीं, एवढेंच त्यांतलें रहस्य.

आमच्या कामगारांनीं मोठ्यानें ओरडण्यास साफ नकार दिला, आणि मीं आग्रह धरला नाहीं. प्रत्येक देशाची लाज वेगळी असते. पण एक दिवस, एक धोका, एक उपाय, हा भाग मात्र आम्हीं जसाच्या तसा उचलला. दहा सूचना ऐकणाऱ्याच्या ध्यानांत एकही राहत नाहीं. आणि ती एक सूचना आजच्या कामांतली पाहिजे. बाहेर धो धो पाऊस पडत असतां उष्माघातावर बोलणारे मुकादम मीं पाहिले आहेत. कारण छापील कागदावर त्या तारखेस तोच विषय होता.

आणखी दोन गोष्टी बोलून ठेवतों, कारण त्या नेहमीं विसरल्या जातात. पहिली, हीं पांच मिनिटें पगाराच्या वेळांतलीं असावींत. जेवणाच्या सुटींतून कापून घेतलेलीं पांच मिनिटें कामगार मनांतल्या मनांत शिव्या देत उभा राहून काढतो. दुसरी भाषेची. आजच्या मुंबई-पुण्याच्या बांधकामावर बिहार, झारखंड, ओडिशा, बंगाल, तेलंगण अशा साऱ्या प्रांतांचीं माणसें असतात. त्यांना आपल्या शुद्ध मराठींत सूचना देणें म्हणजे भिंतीशीं बोलणें. त्यांच्यांतलाच एकजण बोलला पाहिजे, किंवा वस्तु हातांत घेऊन दाखविली पाहिजे; सैल दोरी हातांत दिली म्हणजे कोणत्याही प्रांताच्या माणसास ती कळते.

कायद्यानेंही थोडी वाट दाखविली आहे. डिसेंबर १९८४ मध्यें भोपाळची दुर्घटना झाली, आणि तिच्यानंतर १९८७ सालीं कारखान्यांच्या कायद्यांत जी दुरुस्ती झाली तींत, धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांपुरता, एक महत्त्वाचा हक्क घातला गेला: जिवास तत्काल धोका आहे असें कामगारास वाटल्यास त्यानें तें मालकाच्या नजरेस आणावें, आणि मालकानें त्यावर लगेच उपाय करावा. हक्क कागदावर आला हें उत्तमच. परंतु वर्षभर ज्याला कोणी कांहीं विचारलेलें नाहीं तो मनुष्य ऐन संकटाच्या क्षणीं साहेबाच्या दारांत जाऊन बोलेल, ही अपेक्षा मला भाबडी वाटते. साध्या सैल पायरीविषयीं बोलण्याची ज्यास संवय आहे, तोच त्या क्षणीं बोलूं शकतो.

आतां परांचीकडे येतों. गेल्या पावसाळ्यानंतर आमच्या इमारतीस बाहेरून रंग द्यावयाचें ठरलें. मी सोसायटीच्या मंडळावर आहें; दर किती, रंग कोणता, किती वर्षांची हमी, यावर आम्हीं तीन बैठका घातल्या. परांचीविषयीं त्या बैठकांत एक अक्षरही निघालें नाहीं, आणि सारें आयुष्य या विषयांत घालविलेला मीही गप्प होतों, हें कबूल करणें भाग आहे. पहिल्याच दिवशीं चौथ्या मजल्याच्या बांबूवर एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अनवाणी उभा दिसला. कमरेला पट्टा होता, पण त्या पट्ट्याची दोरी ज्या बांबूवर तो उभा होता त्याच बांबूस बांधलेली होती. बांबू निसटला तर दोघेही बरोबरच खालीं येणार.

मी खालीं गेलों. मुकादमाशीं बोललों. त्यास प्रथम वाटलें, म्हातारे गृहस्थ रंगाच्या दर्जाविषयीं कटकट करण्यास आले आहेत. मीं त्यास एवढेंच मागितलें कीं, उद्यांपासून सकाळीं चढण्यापूर्वीं पांच मिनिटें साऱ्यांना एकत्र उभें करा, आणि धोका कोठें आहे हें तुम्ही सांगूं नका, त्यांना विचारा. चहा माझ्याकडून. चहाचें ऐकून तो तयार झाला.

दुसऱ्या सकाळीं साडेआठ वाजतां सातजण जिन्यापाशीं उभे राहिले. मुकादमानें त्यांच्या बोलींत विचारलें. बराच वेळ कोणी बोलेना. पायांकडे पाहत उभे राहिले. मीं मामांची युक्ति सांगितली, आणि मुकादमानें त्या अनवाणी मुलास पुढें ओढलें. तो लाजला, मग त्यानें वर बोट केलें. तिसऱ्या मजल्याच्या कोंपऱ्यावर बांबूंस बांधलेली काथ्याची दोरी अवकाळी पावसांत भिजून नंतर वाळली होती, आणि गांठ ढिली पडली होती. त्यास तें दोन दिवसांपासून माहीत होतें. तो त्या कोंपऱ्यावरून जातांना भिंतीस चिकटून जात असे. मुकादम वर चढून पाहून आला. उतरल्यावर कांहीं न बोलतां त्यानें नवी दोरी आणविली, आणि त्या बाजूच्या साऱ्या गांठी पुन्हां बांधविल्या. पट्ट्यांसाठीं गच्चीवरून वेगळे दोर सोडले. काम दुपारपर्यंत थांबलें. आमच्या मंडळाचे एक सभासद दिवस फुकट गेला म्हणून खट्टू झाले, पण खर्च आपल्यावर पडणार नाहीं हें कळल्यावर घरांत गेले.

तिसऱ्या दिवशीं मला उठावयास उशीर झाला. चहाची किटली घेऊन घाईघाईनें खालीं आलों, तों घोळका जमलेलाच होता, आणि तो मुलगा दुसऱ्या मजल्याजवळून जाणाऱ्या विजेच्या तारेकडे बोट दाखवून कांहीं तरी सांगत होता.